खांदा बघणारे शेजारी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले एक शेजारी समोरच्याच्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे बघून बोलतात. नवी नवरी असताना मला वाटलं, स्वारी भाळली आपल्यावर! मी बावळट, मुद्दाम पदर सावरत जिना चढायची. पुढे कळलं, सैनिकाने खांद्यावर धरून रणगाडा फोडायचा, त्या रॉकेटच्या नळ्यांचं डिझाइन करतात हे गृहस्थ. आता निवृत्त झाले, तरी डोक्यात तेच.

परवा नातू पायदळात भरती झाला म्हणून त्याला घेऊन पेढे द्यायला गेले. त्यांनी आधी त्याचा खांदा दाबून बघितला.

"झकास! निवृत्तीआधी नवी नळी एकदम हलकी केली, वहिनी. पूर्वी दोघं लागायचे, आता एकटा पुरे."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे रणगाड्यासमोर माझं पोर एकटं? वजनाबरोबर सोबतीचा माणूसही काढून टाकलात?"

"तसं नाही, वहिनी..."

"मग कसं? लांबून तरी मारता येतं ना?"

"थोडं जवळ जावं लागतं."

त्यांचा हात अजून नातवाच्या खांद्यावर होता. मी तो उचलून बाजूला केला. तेव्हा कुठे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

पेढे मी परत आणले.