दोघे थापाडे

सांगलीच्या स्टँडवर बडोद्याची बस लागली तेव्हा आईने माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, "पोचलास की कळव. आणि काळजी वाटेल असं काही कळवू नकोस." वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. कृष्णेकाठी दोन खोल्या, वर पत्रा, दारात जास्वंद. बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात मला प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. दोन-तीन वर्षं काढू आणि परत येऊ, असं तेव्हा मनापासून वाटत होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे ठाऊक आहे, मागे राहिलेल्यांना सांगून पटणार नाही. माणूस एकदम परका होत नाही. आधी आमटीत गूळ जास्त पडायला लागतो. मग एक दिवस ठेच लागते आणि तोंडातून 'आई गं'च्या जागी 'ओ बाप रे' निघतं, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

लग्नानंतर मुग्धा आणि मी बडोद्यात मांजलपूरला राहायला आलो. पाच वर्षांनी ती निघून गेली. मोठं भांडण असं झालंच नाही, आम्हाला एकमेकांशी बोलायचं काही उरलं नव्हतं. आईला सांगायचं मी पुढच्या रविवारवर ढकलत राहिलो. फोनवर आईने मुग्धाचं विचारलं की ती कधी अंघोळीला गेलेली असायची, कधी गरब्याच्या प्रॅक्टिसला. एकदा तर मुग्धाने केलेल्या उंधियूत मेथीचे मुठिये कसे फुटले, तेही मी सांगितलं.

त्याच सुमारास कारखान्यातल्या हिरेनने मला खेळायला बोलावलं. गोत्रीतल्या त्याच्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी आम्ही चौघं टेबलाभोवती बसायचो. हिरेन एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगायचा, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे आणि पात्राच्या तोंडून बोलायचे. थाप मारली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर समोरच्याला ती पटते. माझा होता एक भटका गवई. त्याला ना तलवार चालवता यायची ना जादू, त्यामुळे तो फक्त थापा मारायचा. किल्ल्याच्या दारावर पहारेकऱ्यांनी आमच्या खांद्यावरचं प्रेत अडवलं, तर मी म्हणालो, हे गृहस्थ मेलेले नाहीत, सात वर्षांच्या मौनव्रतात आहेत, आणि श्वास घेतला तरी आवाज होतो म्हणून तोही सोडलाय. फासा वीसवर पडला. पहारेकरी पाया पडले.

मुग्धा गेल्यापासून तीन वर्षांत मी सांगलीला गेलो नव्हतो. गेलो असतो तर शेजाऱ्यांनी मुग्धाचं विचारलं असतं. आईही कधी बोलवत नव्हती. ऊन फार आहे, पाणी दिवसाआड येतं, असं काहीतरी सांगायची. गेल्या हिवाळ्यात मात्र ती म्हणाली, मीच येते. मुग्धा ट्रेनिंगसाठी बेंगळुरूला गेली आहे, असं मी तिला सांगून ठेवलं.

रविवारी तिला एकटीला कुठे ठेवायचं म्हणून बरोबर नेलं. हिरेनने "आवो मासी" म्हणत खुर्ची दिली आणि हिंदीत खेळ समजावला. त्या दिवशी गुहेत ड्रॅगन होता. मी त्याला सांगितलं, आम्ही सिटी सर्व्हेकडून मोजणीला आलोय, तुमची गुहा शेजारच्या हद्दीत दोन फूट गेली आहे, उतारा दाखवा. ड्रॅगन कागद शोधायला आत गेला आणि आम्ही निसटलो. आईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

घरी आल्यावर ती गॅलरीत मटार सोलत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "फोनवर बोलतोस तसाच बोलत होतास."

मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा उचलून सोलायला लागलो.

"खोटं बोलताना तुला सगळं बारीकसारीक सुचतं. खरं बोलताना धड वाक्य जमत नाही. मुग्धा गेली ना?"

मी हो म्हणालो. कधी, ते तिने विचारलं. तेही सांगितलं. ती मटार सोलत राहिली.

"मग माझंही ऐक. आपलं घर नाही राहिलं. पुरात मागची भिंत बसली, मग सगळंच पाडावं लागलं. मी माझ्या ताईकडे मिरजेला असते, मागच्या खोलीत."

दर रविवारी ती मला घराचं सांगत होती. जास्वंदीला किती कळ्या आल्या, पत्र्यावर मांजर कसं व्यालं. दाराला निळा रंग दिला होता, तो आधी फार गडद झाला म्हणून पुन्हा दिला होता. मी तेवढंच विचारलं, "आणि तो निळा रंग?"

"दारच नव्हतं रे," ती म्हणाली.

मी तिला इथेच राहा म्हणालो. ती आठ दिवस राहिली. तू दिवसभर कामावर, मी कुणाशी बोलू, तिकडे निदान बहीण तरी आहे, असं म्हणून गेली. एकमेकांना खरं सांगितल्यावर मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. पण आता फोन दोन मिनिटांत संपतो. जेवलास का, जेवलीस का. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही कळत नाही. मी खेळायला जाणंही सोडलं. तोंड उघडलं की शेजारी आई बसल्यासारखं वाटतं.

परवा ऑफिसात सगळ्यांकडून नवे फॉर्म भरून घेतले. कायमचा पत्ता, या रकान्यात मी सांगलीचा घर नंबर लिहिला. दुसरा कुठला लिहिणार? टेबलापलीकडच्या बाईंनी कागद पाहून विचारलं, "त्यां कोण रहे छे?"

"मम्मी," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला.