आधी वर बघणारे काका

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की काका आधी वर बघायचे. माळा, फळ्या, फळ्यांवरचे डबे सगळं न्याहाळून मग दाराशीच खुर्ची ओढायचे. भूकंपात गावाकडच्या घराचं मातीचं माळवद त्यांच्या बहिणीच्या अंगावर आलं, त्यातच ती गेली. तेव्हापासून ते कुठल्याच घरात आत जाऊन बसत नसत.

लातूरच्या आमच्या क्लासात काका कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि मी त्यांवर प्रश्नपत्रिका टाइप करायचे. क्लास इतका फोफावला की बाकांना जागा पुरेना. नवे कॉम्प्युटर आले तसे क्लास चालवणारे सर म्हणाले, "जुने आठ भंगारात काढा."

काका उसळलेच. "भंगारात? चालत्याबोलत्या लेकी हायत ह्या! मी स्थळं बघतो."

सरांनी आठ दिवस दिले आणि काकांच्या अंगात वारं शिरलं! शाळा, वाचनालयं, दवाखाने. जिथं जातील तिथं मलाही ओढायचे. चहापोहे झाले की मुलीच्या बापासारखी चौकशी. लाईट किती जाती? पुस्तक कोण वाचणार? मॅन्युअलशिवाय ते मशीन देतच नसत. "पुस्तक म्हंजे तिचं माहेर. अडली तर कुठं बघंल?" आणि मशीनच्या डोक्यावर काही जड दिसलं की स्थळ बाद. एका आडत दुकानाचं चांगलं चालून आलेलं स्थळ त्यांनी फळीवरच्या वजनमापांपायी मोडलं.

घाईत एकदा घोटाळा झाला. हदगावच्या मशीनचं पुस्तक जळकोटच्या शाळेत गेलं. काका सकाळच्या एसटीनं बरोबर पुस्तक घेऊन धावले, मी मागं. बघतो तर पोरांनी चुकीच्या पुस्तकाची पंधरा पानं तोंडपाठ करून टाकलेली! गुरुजी ओशाळले. काकांना मात्र कोण आनंद! "पाठ झालंय न्हवं? मग द्या ते. हदगाव वाट बघायलंय."

सात लेकी उजवल्या. आठवं माझं मशीन, ज्यावर मी पहिलं अक्षर टाइप केलं ते. ते मला हवं होतं, अगदी जीव अडकला होता. काका आमच्या घरी आले, वर बघितलं. टेबलाच्या बरोबर वर माळा, त्यावर सासूबाईंची पितळी भांडी.

"न्हाई जमायचं पोरी."

मला असा राग आला! दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. माळ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सासूबाईंपुढं नुसतीच चिडचिड केली. त्यांनी विचारलं, "पर त्यो मानूस वरच का बघतोय?" मी बहिणीचं सांगितलं. त्या उठल्या. पदर खोचला आणि स्टुलावर चढल्या. घागरी, परात, हंडा, सगळं पलंगाखाली गेलं.

सकाळी काका मशीन आणि पुस्तक घेऊनच आले. वर बघितलं. रिकामा माळा कितीतरी वेळ बघत राहिले. मग मशीन लावलं, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि मी टाळ्याच वाजवल्या.

काकांनी दाराशी ठेवलेली खुर्ची उचलली, आत आणली आणि भिंतीला पाठ टेकून बसले.

"चहा टाक," म्हणाले. "घाई न्हाई."