चिवडा नावाचा मुलगा

आमच्या वडिलांनी मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा घरात मुलं दोनच होती. मी सहावीत होते आणि माझा भाऊ अजून एकेक अक्षर लावत वाचायचा. म्हणजे वाचक खरं तर एकच.

आम्ही साताऱ्यात राहायचो. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्या वर्षी शाळेच्या सभागृहात मुलांच्या नव्या पुस्तकांचं प्रदर्शन भरलं होतं. बाबा आम्हाला घेऊन गेले, टेबलाटेबलाशी उभे राहून त्यांनी सगळी पुस्तकं चाळली आणि घरी आले ते तोंड वाकडं करूनच.

"एक तर राजपुत्र, नाही तर मुंबईची नाही तर पुण्याची मुलं," ते आईला म्हणाले. "सातारा-सांगलीकडच्या मुलांनी सुट्टीत करायचं तरी काय?"

"पाणी भरायचं," आई म्हणाली.

बाबांनी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी ते ऑफिसातले पाठकोरे कागद घेऊन खिडकीपाशी बसले. दुपारी जेवणं झाल्यावर जे लिहून झालं असेल ते आम्हाला वाचून दाखवायचं, असं ठरलं. ठरवलं त्यांनीच. ते वाचायचे छान, निरनिराळे आवाज काढून. सगळ्या चोरांचा आवाज त्यांच्या हेडक्लार्कसारखा असायचा. माझा भाऊ मांडी घालून ऐकायला बसायचा आणि थोड्या वेळानं तिथंच आडवा व्हायचा. तो ज्या पानाला झोपला ते पान बाबा काढून टाकायचे. त्यामुळे कादंबरी चांगली आटोपशीर झाली.

गोष्ट अशी होती: मे महिन्यात एका गावातल्या शाळेची पितळी घंटा चोरीला जाते आणि सुट्टीत आजोळी आलेली मुलं ती शोधून काढतात. मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. शाळेची घंटा गेली तर कुठलं मूल शोधायला जाईल? पण बाबा म्हणाले, "ही मुलं वेगळी आहेत." शेवटी घंटा एका विहिरीच्या तळाशी सापडते. मुलांचा म्होरक्या काठावरून सूर मारतो, एका दमात तळ गाठतो आणि घंटेला दोर बांधून वर येतो. हे वाचताना बाबा उठून उभे राहायचे आणि हात पुढे करून जवळजवळ पलंगावर सूर मारायचे.

चिवडा त्या गोष्टीत थोडा उशिरा आला. गुबगुबीत मुलगा, खिशात कायम चिवडा, खिशाला तेलाचा डाग. बाकीची मुलं पडक्या खोलीत शिरायला निघाली, की हा म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढं. मी इथं थांबतो. कुणी आलं तर सांगतो." विहिरीपाशी सगळ्यांनी उड्या मारल्या तेव्हा हा काठावर त्यांच्या कपड्यांजवळ बसून राहिला.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भाऊही माझ्याकडे बघू लागला. एरवी तो झोपलेला असायचा, त्या दिवशी नेमका जागा होता.

"हा मी आहे का?" मी विचारलं.

"छे," बाबा म्हणाले. "तो मुलगा आहे. तू मुलगी आहेस."

"मग त्याच्या खिशाला डाग कसला?"

"चिवडा ठेवला की कुणाच्याही खिशाला डाग पडतो."

माझ्या फ्रॉकचा उजवा खिसा त्या वेळीसुद्धा तेलकट होता, म्हणून मी जास्त बोलले नाही.

सांगलीत एक मुद्रक होते. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापून कंटाळल्यावर त्यांनी मुलांची नवी पुस्तकं काढायचं मनावर घेतलं होतं. बाबांचे कागद त्यांना आवडले. पुस्तकांचा गठ्ठा एस.टी.नं साताऱ्याला आला आणि आम्ही सगळे स्टँडवर तो घ्यायला गेलो, नवरी आणायला जावं तसे. मुखपृष्ठावर मुलं आणि घंटा होती. त्यात चिवडा सगळ्यात ठळक. चित्रकारानं मला कधी पाहिलं नव्हतं, तरी गाल माझेच काढले होते.

पुस्तक शाळेत पोचलं. ऑफ तासाला आमच्या बाईंनी ते वर्गात वाचायला घेतलं. चिवडा आला त्या पानाला आख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव चिवडा झालं होतं. जिनं आयुष्यात पुस्तक उघडलं नव्हतं अशी बाकावरची माझी शेजारीणसुद्धा मला चिवडा म्हणायला लागली. मुलांना वाचनाची गोडी लागत नाही म्हणून बाबा हळहळायचे. आमच्या वर्गाला ती माझ्यामुळे लागली.

मुद्रकांनी दुसरं पुस्तक मागितलं तेव्हा मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

"या वेळी चिवडा काढून टाका."

"चांगलं पात्र आहे."

"मग त्याला धीट करा."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, मी उगाच मनाचं लिहीत नाही. जे दिसतं ते लिहितो. तू काहीतरी करून दाखव, मग बघू."

म्हणजे तो मीच होते. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते लगेच पेन उचलून लिहायला लागले.

मे महिन्यात आम्ही आष्ट्याला आजोळी गेलो. आई, भाऊ आणि मी. बाबा मागाहून न्यायला येणार होते. मामा सैन्यात होता आणि त्या वेळी सुट्टीवर आला होता. मळ्यातल्या घरासमोर चिंचेखाली बाजेवर पडून तो बाबांचं पुस्तक वाचत होता. मला बघून त्यानं पुस्तक छातीवर उलटं ठेवलं.

"तुज्या बापानं मला पैल्या पानापास्नं झोपवलंय," तो म्हणाला. "घंटा गेली, सापडली, गावात मिरवणूक निघाली, तरी ह्यो मिल्ट्रीतला मामा आपला झोपल्यालाच."

"मग तू झोपतोसच की," मी म्हणाले.

"सुट्टीवर आल्याला माणूस झोपंल न्हाई तर काय परेड करंल? आन् ह्यो चिवडा म्हंजे तूच न्हवं?"

"तो मुलगा आहे."

"आसू दे. उद्या सकाळी हिरीवर ये. बघू तुजं काय करता येतंय."

मामाची मुलगी माझ्याच वयाची. ती पाण्यात जन्मल्यासारखी पोहायची. सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. ती काठावरून धावत आली, गुडघे पोटाशी घेतले आणि धाडदिशी मुटका मारला. पाणी पार वरच्या पायरीपर्यंत उडालं. मामानं माझ्या पाठीला रिकामा तेलाचा डबा दोरीनं बांधला. तो डबा होता म्हणून बुडायची भीती नव्हती, असं तो म्हणाला. भीती मला बुडायची नव्हतीच, उडी मारायची होती.

मामा "एक, दोन, तीन" म्हणायचा, परेडवर म्हणतात तसा. तीन झाल्यावरही मी तिथंच असायची. मग तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. शेवटी मी पायऱ्या उतरून, कडेकडेनं, थंड पाण्याला नावं ठेवत आत शिरले. हातपाय मारायला शिकले. मग मामानं डबा सोडला आणि मी डब्याशिवाय तरंगायला लागले. पण रोज पायऱ्यांवरूनच. मामेबहीण म्हणायची, "आगं, पवाय येतंय तर उडीला काय हुतंय?" मला काय होतंय ते मलाही सांगता येत नव्हतं.

मग बाबा आले. इस्त्रीची पँट, खांद्याला पिशवी, पिशवीत दुसऱ्या कादंबरीचे कागद. चहा पिऊन होतोय तोवर मामा म्हणाला, "दाजी, उद्या आंगूळ हिरीवर."

"मला जरा सर्दी आहे," बाबा म्हणाले.

"मे म्हयन्यात?"

"माझी कायमचीच आहे."

सकाळी मामा त्यांना घेऊनच आला. मामेबहिणीच्या मनात बाबांबद्दल फार आदर होता. पुस्तकातल्या म्होरक्यासारखा सूर मारायचा तिनं कितीदा प्रयत्न केला होता आणि दर वेळी तिचं पोट पाण्यावर आपटलं होतं. आता प्रत्यक्ष लेखकच विहिरीवर आला होता.

"आवं, तुमी लिवलंय तसा सूर मारून दावा की," ती म्हणाली. "हात कवा जोडायचं त्येच मला कळंना."

बाबांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं आले. आम्ही काढून ठेवलेल्या चपला आणि टॉवेल होते तिथं ते बसले.

"तुम्ही मारा उड्या," ते म्हणाले. "मी इथं थांबतो. कुणी आलं तर सांगतो."

मामेबहिणीनं माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे पाहिलं. मामाच्या मिशा हलायला लागल्या. बाबांचे कान लाल झाले तेव्हा आम्हाला कळलं, की आपण काय बोललो ते त्यांनाही कळलंय.

"दाजी," मामा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आवं, ह्यो चिवडा तर तुमीच की."

बाबा थोडा वेळ टॉवेलची घडी नीट करत बसले. मग म्हणाले, "शाळेत असताना सगळी पोरं नदीला पोहायला जायची. मी कपडे सांभाळायचो. घरून खाऊ नेत होतो म्हणून मला सोबत तरी घ्यायची."

"म्हणजे तुम्हाला पोहता येत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग तो सूर?"

"काठावरून बघितलाय ना. काठावरून फार छान दिसतं."

"आणि तेलाचा डाग?"

"डाग तुझा आहे," बाबा म्हणाले. "बाकीचा सगळा मी."

मामानं मग मागचा पुढचा सगळा हिशोब चुकता करायला घेतला. त्याला पुस्तकभर झोपवलं होतं ना. तो बाबांना शर्टाची बटणं काढायला लावत होता, मामेबहीण डबा आणायला पळाली होती, बाबा सर्दीचं पुन्हा सांगत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक-दोन-तीन म्हणायलाही कुणी नव्हतं. मी काठावर गेले आणि उडी मारली. अंगात धाडस आलं वगैरे काही नाही. इतके महिने एक ओझं घेऊन फिरत होते, ते बाबांचं निघालं, एवढंच वाटत होतं. नाकात पाणी गेलं, कान सुन्न झाले आणि मी वर आले.

"बघितलं का?" मी ओरडले.

"काय?" मामा म्हणाला.

कुणीही पाहिलं नव्हतं. मला पुन्हा वर येऊन पुन्हा उडी मारावी लागली, तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

बाबा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, पाठीला डबा बांधून, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरले. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर थांबले.

"दाजी, पाय सोडा," मामा म्हणाला.

"सोडलेत."

"मंग आता ती पायरी सोडा."

पायरी त्यांनी त्या दिवशी काही सोडली नाही. पण रजा वाढवून ते आष्ट्याला राहिले आणि रोज आमच्याबरोबर यायला लागले. निघायच्या आदल्या सकाळी ते डब्यासकट विहिरीच्या मध्यापर्यंत जाऊन परत आले. दमले होते, डोळे लाल झाले होते, आणि घरी आल्यावर त्यांनी आईला ते इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ती म्हणाली, "कळलं हो. आता भाकरी खा."

दुसरं पुस्तक पुढच्या दिवाळीच्या आगेमागे आलं. त्यात एक नवी मुलगी होती. ती विहिरीत उडी मारते आणि नेमकं कुणी बघत नाही. ते प्रकरण मी इतक्यांदा वाचलं की पुस्तक त्याच पानावर आपोआप उघडायला लागलं. चिवडाही होता. बाबांनी त्याला धीट केलं नव्हतं, फक्त जरा जास्त पानं दिली होती.

उंब्रजच्या एका शाळेनं बाबांना मुलांशी गप्पा मारायला बोलावलं. मीही गेले, नवा फ्रॉक घालून, पहिल्या रांगेत बसले. त्या मुलीबद्दल कुणी विचारलं तर बाबा माझ्याकडे बोट दाखवतील आणि मग मी उभी राहीन, असं माझं मनातल्या मनात ठरलं होतं. बाबांनी उडीचंच प्रकरण वाचलं. मुलं शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर मागून एक हात वर आला.

"चिवडा फुडच्या पुस्तकात हाय का?"

"आहे," बाबा म्हणाले.

"त्येला घंटा सापडू दे की एकदा," दुसरा एकजण म्हणाला.

मग सगळे चिवड्याबद्दलच बोलायला लागले. त्याला चिवडा कोण करून देतं, त्याच्या बहिणी किती, तो अंधाराला भितो का. एक मुलगी उभी राहून म्हणाली, की ती पण कपड्यांजवळच थांबते, आणि खाली बसली. बाबा तिच्याशी बराच वेळ बोलले. उडी मारणाऱ्या मुलीबद्दल एकानंही काही विचारलं नाही.

परत येताना एस.टी.त मी नव्या फ्रॉकची कड चुरगाळत बसले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "तो चिवडा आधी माझा होता."

बाबांनी मान हलवली, आणि त्यांना हसू आलंय ते दिसू नये म्हणून खिडकीबाहेर पाहिलं. साताऱ्याचा फाटा जवळ यायच्या आतच ते डुलक्या घ्यायला लागले. मुख्याध्यापकांनी त्यांना दिलेला नारळ मात्र त्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिला होता, आणि गाडी वळली की तो मांडीवरून घरंगळायचा.