आपोआप म्हंजी कुणाच्या मनानं?

आप्पांचा कशावरच विश्वास नव्हता. चहा ठेवला की आधी कपाकडे बघायचे, मग माझ्याकडे. पोतं तोलण्याआधी रिकामा काटा तपासायचे. कुणी "होईल आपोआप" म्हणालं की कपाळाला आठी. "आपोआप म्हंजी कुणाच्या मनानं?" हे ठरलेलं.

केडगावजवळच्या आमच्या पाणी संस्थेच्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करायचे. मी फारसं बोलायचे नाही, त्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळे बोलत. पुण्यातली कारखान्याची नोकरी सोडून आलेल्या आप्पांनी पाण्याच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम स्वतः लिहिला होता. आपण लिहिलेलं मशीनवर चालेल असं करून द्यायला कंपायलर लागतो आणि त्यांचा कंपायलर फुकटचा, असं ते सांगायचे.

"फुकटात कोण काय देतंय, आप्पा? काहीतरी गोम असणार," चेअरमन म्हणायचे.

"ह्याच्या आतलं सगळं उघडं हाय. तुमच्या विकतच्याचं आतलं दाखवा की."

जुन्या, काळ्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम बिनबोभाट चालला. मग संस्थेत राहू गावाकडची शेतं आली आणि नवा रंगीत कॉम्प्युटरही आला. त्या उन्हाळ्यात पाळीचा कागद भिंतीवर लागला, त्यात कॅनॉलच्या फाट्याच्या शेपटाकडच्या, शेवटच्या शेतांची नावंच नव्हती. त्यांतच आमचं शेवंतीचं शेत. नाव नाही तर पाणी सोडणारा पाटकरी पाटाचं दार उघडणार नाही. रोपांनी दुपारी माना टाकायला सुरुवात केली होती.

आप्पांचं शेत फाट्याच्या तोंडाशी. लोक ऑफिसात घुसले, पुढे माझे यजमान.

"तोंडाकडची नावं बरी ऱ्हायली, आप्पा? शेपटाचीच कशी गेली?"

"मशीनला काय शेत कळतंय व्हय!" मागून कुणीतरी.

मलाही तसंच वाटत होतं. मी आप्पांचा कप जरा आपटूनच ठेवला. ते म्हणाले, "आज साखर तरी हाय का ह्यात?"

चिडले मात्र नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर प्रोग्राम चालवला. नावं तोंडाकडून शेपटाकडे भराभर सरकली, मधेच थांबली आणि खाली इंग्रजीत एक ओळ आली. मेमरी संपली, असं आप्पा म्हणाले. दौंडच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, मेमरी वाढवा. ती आणून बसवली. प्रोग्राम पुन्हा त्याच नावाला थांबला.

यजमान हसले. "ते नाव बरं सापडतंय ह्याला!"

आप्पा पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मेमरीचा कॅनॉल भरून वाहतोय. आपल्या फाट्याचं दार कुणीतरी दाबून धरलंय." जुन्या मशीनवर प्रोग्राम लागेल तेवढी मेमरी स्वतः घ्यायचा, कमी पडली तर डिस्कवरची जागा वापरायचा. आता नव्या मशीनवर मधे विंडोज बसलं होतं. ते देईल तेवढीच मेमरी मिळणार.

त्यांनी प्रोग्रामच्या चित्रावर क्लिक करून एक चौकट उघडली. मेमरीसमोर एकच शब्द होता, ऑटो.

"म्हंजी आपोआप!" आप्पा इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "कुणाच्या मनानं, ते घावलं आता." त्या शब्दाच्या जागी त्यांनी मोठा आकडा हातानं टाइप केला. प्रोग्राम चालला. आमचं नाव आलं, शेवटचंही आलं.

"आन् हे तरी खरं कशावरून?" यजमानांनी विचारलं.

"खरं मानूच नका. पाटावर जाऊन बसा."

आमच्या पाळीला मी जाऊन बसले. शेवटच्या सरीत पाणी शिरलं तेव्हाच उठले. ती सवय अजून आहे. पाळी आली की मी पाटावर असते.

पुढे आप्पा थकले, लेकीकडे शिरूरला गेले. दवाखान्यात ठेवलंय असं कळलं म्हणून मी भेटायला गेले. सलाइन लावलं होतं. सिस्टर म्हणाली, "बाटली संपली की आपोआप बंद होतंय, काळजी नको."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याच्यानं फार बोलवत नव्हतं, म्हणून मीच हळू म्हणाले, "कुणाच्या मनानं?"

ते ओठांतल्या ओठांत हसले. "बसतीस का तू?"

"बसते, आप्पा."

मग त्यांनी डोळे मिटले. मी नळीतला थेंब न् थेंब बघत बसले, शेवटच्या सरीत येणारं पाणी बघितलं होतं तशी.