जन्मस्थळाचा रकाना

घुसखोरांविषयी माझं मत पक्कं आहे आणि ते मी कधी लपवलेलं नाही. चोरून देशात शिरला, त्याला परत पाठवा. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हेच लिहितो. आरक्षण, भोंगे, कुणी काय खावं, सगळ्यांवर माझं काहीतरी म्हणणं असतंच. पूर्वी लिहिताना अंगाचा तिळपापड व्हायचा. हल्ली रागही येत नाही. चहा होईपर्यंत चार मेसेज पुढे ढकलायचे, बस.

अशाच एका सकाळी लातूरच्या माझ्या दारात एक गवंडी येऊन उभा राहिला. "गुरुजी, वळखलं का?" देगलूरकडच्या एका खेड्यात माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्याला पहिलीत घातलं होतं. आता चाळिशी उलटलेली. मुसलमानाचा. पाढ्यांना पक्का होता, हे आधी आठवलं.

त्याच्या जन्माची सरकारी नोंद कुठंच नव्हती. तेव्हा तिकडे कुणाची असायची? मध्यंतरी अर्ज करून त्यानं जन्माचा दाखला काढला आणि खरं ते लिहिलं: जन्म उदगीरजवळ, आईच्या माहेरी. आता परदेशी लोकांनी असे उशिराचे दाखले खोटे काढल्याचा संशय म्हणून तपासणी निघाली, आणि आमच्या शाळेच्या रजिस्टरात त्याचं जन्मगाव वेगळं निघालं. दाखला रद्द होणार, वर खोटी माहिती दिल्याचा गुन्हाही.

"तुमी फकत येवढं सांगा, गुरुजी, की तुमी न इचारता लिवलं. लई मेहरबानी होईल."

न विचारताच लिहिलं होतं. जूनमध्ये आम्ही मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करायचो. बाप म्हणायचा, "लिवा की तुमीच." मग उंची बघून वर्ष, तारीख एक जून आणि जन्मस्थळ आमचंच गाव. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण मी झाडून सगळी पोरं एकाच गावात जन्माला घातली. माझीही तारीख एक जूनच. निवृत्तीच्या दिवशी तालुक्यात आम्ही इतके जण निघालो की सत्काराला नारळ कमी पडले.

सुनावणीला तालुक्याला गेलो. तिथल्या तरुण साहेबानं उठून मला खुर्ची दिली. गवंडी भिंतीशी उभाच होता. साहेब म्हणाला, "सर, तुमचं रजिस्टर म्हणजे एक खाडाखोड नाही. ही नोंद अंदाजानं केली होती का?"

मी "हो" म्हणणारच होतो. तेवढ्यात साहेबानं सहज विचारलं, "मग बाकीच्या नोंदीही तशाच?"

"नाही," मी म्हणालो. "विचारूनच लिहिल्या सगळ्या."

साहेबानं ते लिहून घेतलं, मी सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली. लाज वाटायला हवी होती, हे कळत होतं. वाटली नाही. आत काही हललंच नाही.

बाहेर आल्यावर गवंडी भांडेल असं वाटलं होतं. त्यानं मला मोटारसायकलवर बसवून स्टँडवर आणलं, लातूरच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरून दिली. "वय झालं तुमचं, गुरुजी. याद ऱ्हात न्हाई माणसाला," तो म्हणाला. मी मान हलवली. माझं मत अजूनही तेच आहे. ग्रुपवर त्या आठवड्यातही मी दोनदा तेच लिहिलं.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. दाखला रद्द झाला होता, पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं होतं. एवढं सांगून लगेच म्हणाला, "गुरुजी, माझ्या पोरीचं नावबी तुमीच घातलं व्हतं शाळेत. तिच्या जन्माच्या गावापुढं काय लिवलं हाय?"

पुढे बदलीनं मी पुन्हा त्याच शाळेत आलो होतो. पोरगी तेलंगणात जन्मली होती, तिच्या आजोळी. तिच्या जन्माचे पेढे तो शाळेत घेऊन आला होता आणि मी दोन खाल्ले होते. नाव घालायची वेळ आली तेव्हा रजिस्टरात मी आमचंच गाव लिहिलं.

"आठवत नाही रे," मी म्हणालो.