गेटसमोरचा फोटो

ज्योतीरामच्या गळ्यात कॅमेरा दिसला की लोकांच्या पोटात काय दुखतं कोण जाणे. निगडीच्या बसस्टँडवर फोटो काढला, "परमिशन आहे का?" देहूत घाटावर काढला, "कुठल्या चॅनलचे तुम्ही?" शेजारीच पोरंपोरी मोबाइल उंच धरून रील करत असतात, त्यांना कुणी हटकत नाही. लातूरकडून येऊन चाकणला फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हापासून हा वैताग त्याच्या पाचवीलाच पुजलेला. बायको वर्षाली म्हणायची, "सॉरी म्हणून निघून यावं की." पण चूकच नाही तर सॉरी कशाचं? तो भांडायचा, आणि घरी येऊन जेवतानाही भांडत राहायचा.

अशा माणसाला बिरूनं कामाच्या शेवटच्या दिवशी फोटोसाठी बोलावलं. बिरू चाकणजवळच्याच एका गावचा. त्याच्या वडिलांच्या जमिनीवर कंपनी उभी राहिली, त्याच कंपनीत तो काँट्रॅक्टवर लागला आणि डोक्याचे केस पांढरे झाले तरी काँट्रॅक्टवरच राहिला. पर्मनंट माणूस रिटायर झाला की आत त्याला शाल, नारळ, साहेबांबरोबर फोटो. काँट्रॅक्टवाल्याचा गेटपास तेवढा काढून घेतात, झाला निरोप! म्हणून बिरूच्या बायकोनं, कुशाबाईनं, घरूनच हार आणला. कंपनीचं नाव मागे दिसेल असा गेटसमोरचा एक फोटो भिंतीवर लावायचा, एवढीच बिरूची हौस होती.

ज्योतीराम रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीजवळ उभा राहिला. बिरूनं हार घातला, टोपी सारखी केली, आणि कुशाबाईला शेजारी घेऊन तो गेटकडे पाठ करून उभा राहिला. फोटो निघतात न निघतात तोच गेटवरचा सिक्युरिटी सुपरवायझर तरातरा आला.

"डिलीट करा. कंपनीचा फोटो काढायला बंदी आहे."

"तसा बोर्ड कुठंय?"

"बोर्ड आत आहे."

ज्योतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आतला बोर्ड बाहेरच्यानं वाचायचा कसा, साहेब? मी तुमच्या आवारात पाय ठेवला नाही. हा रस्ता सरकारी आहे. बोलवा पोलिसांना, माझी काही ना नाही."

सुपरवायझर गडबडला. पोलिसांचं नाव काढल्यावर समोरचा माणूस टरकतो, एवढाच त्याचा अनुभव. इथं तर उलटंच झालं. तो इकडंतिकडं बघत उभा राहिला. टपरीवरची माणसं हसली.

इथंच ज्योतीरामनं कॅमेरा बॅगेत घालून निघायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. तो आणखी जोरात म्हणाला, "हे काय चोर आहेत का? ह्यांचीच जमीन होती ही! ह्यांचा पोरगासुद्धा तुमच्याच कंपनीत आहे. ऋतिक. पेंट शॉपला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"असं होय," सुपरवायझर एकदम शांत झाला. "काँट्रॅक्टवर आहे का तो?" आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

बिरूनं गळ्यातला हार उतरवला. कुशाबाई पुढे आली. "पुसून टाका, भाऊ."

"अहो मावशी, कायद्यानं त्यांना काही करता येत नाही!"

"कायदा तुमचा खराच हाय," बिरू म्हणाला. "पन पोराचं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आमाला न्हाई जमायचं. पुसा."

ज्योतीरामनं सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत एकेक फोटो पुसला. असा संताप त्याला कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. पोराचं नाव घ्यायला कुणी सांगितलं होतं?

पण कार्डावरचा पुसलेला फोटो, त्यावर दुसरं काही काढलं नाही, तर बहुतेक वेळा परत आणता येतो. स्टुडिओत आल्या आल्या त्यानं तेच केलं. फोटो सापडले. एक तर फारच सुंदर होता: बिरू हसतोय, कुशाबाई त्याच्याकडे बघतेय, मागे कंपनीचं नाव ठसठशीत. त्यानं तो मोठा करून, फ्रेम घालून बिरूच्या घरी नेला. झालेली चूक थोडी तरी भरून निघेल, असं त्याला वाटत होतं.

कुशाबाईनं फ्रेम बघितली आणि आधी दार लोटून घेतलं. "पोराचे कंपनीतले दोस्त येत्यात घरला. भितीवर दिसला न् कुणी जाऊन सांगितलं तर?"

"मग कपाटात ठेवा," ज्योतीराम म्हणाला.

"नको बाई."

बिरू फ्रेम मांडीवर घेऊन बघत बसला होता. काचेवरून त्यानं एकदा तळहात फिरवला. मग फ्रेम ज्योतीरामच्या हातात परत दिली.

"झ्याक आलाय फोटू. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या तवर. ऋतिक पर्मनंट झाला की न्यायला येतो."

ज्योतीराम बिरूच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिला. जन्मभर भांडायला ज्याला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्याला "बरं" एवढंच म्हणता आलं.