आपाला न विचारता

माझ्या नाकावर राग असतो, हे लातुरात आमच्या गल्लीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. त्या आठवड्यात मात्र मी हद्दच केली. भाईला फोनवर म्हणाले, "तुला काय, जन्मभर लोकांच्या वाढदिवसाचे बॅनरच करायचेत का?" तोंडून गेलं आणि गेलं. त्यानं फोन ठेवून दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

भाई म्हणजे माझा मित्र, नांदेडचा. आम्ही दोघं एकाच तंत्रनिकेतनात शिकलो. तो पोटासाठी बॅनर आणि लग्नपत्रिका करतो, मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. तिसरे सर, भोकरकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. तिघं मिळून गेम बनवतो. म्हणजे बनवून ठेवतो म्हणा, कारण खेळतंय कोण? ज्याला त्याला सांगावं, तर तो म्हणणार, "डाउनलोड करायला फोनात जागाच न्हाई ताई." आणि खरंच नसते. सगळी जागा सुप्रभातच्या फुलांनी भरलेली.

आमचा सगळ्यात चांगला गेम म्हणजे बसस्टँडचा. स्क्रीन पूर्ण काळी. तुम्ही स्टँडवर उभे आहात आणि काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. गाड्या लागतात, सुटतात, शेंगावाले ओरडतात, कंडक्टर पत्र्यावर थाप मारून गाडी मागं घ्यायला लावतो. त्या सगळ्या गलक्यातून आपली गाडी कानानं ओळखायची आणि सुटायच्या आत चढायचं. सुरुवातीला सोपं, लातूर-नांदेड. शेवटी इस्लापूरची गाडी धरायची. तिथपर्यंत पोचणारा मला अजून भेटायचाय.

हे सुचलं ते भाईच्या थोरल्या बहिणीमुळं, आपामुळं. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. मोबाईल येऊन तो धंदा बसेपर्यंत आपा बसस्टँडवर एसटीडी बूथ चालवायची. कोणती गाडी कुठल्या डेपोची, ड्रायव्हर नवा की जुना, हे ती बूथमध्ये बसून सांगायची. आम्ही आवाज रेकॉर्ड करून आणायचो आणि ती ऐकायची. एकदा मी भोकरच्या स्टँडवर लातूरच्या शेंगावाल्याचा आवाज चिकटवला. कुणाला कळणार होतं? आपानं ऐकलं आणि म्हणाली, "हा माणूस भोकरला काय करून राहिला? हा तुमच्याकडचा हाय." दुसऱ्यांदा म्हणाली, "गाडी थांबायच्या आधी दार कसं उघडलं गं? मरतील लोकं." अशा शंभर चुका तिनं धरल्या. मी वैतागायचे, आदळआपट करायचे, पण दुरुस्त करायचे. कारण ती म्हणायची ते खरंच असायचं.

आणि मग एक नवी साईट येणार म्हणून कळलं. गेम डाउनलोड करायचा नाही, लिंक दाबली की ब्राउझरमध्येच सुरू. फोनात जागा नको, काही नको. पहिल्या दिवशी मांडायला त्यांना छोट्या लोकांचे गेम हवे होते. आमचा त्यांनी निवडला. मी क्लासमध्ये पोरांसमोर उडीच मारली.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी त्यांनी कळवलं, तुमचा गेम बिघडलाय, स्क्रीन काळी दिसते. अहो, काळीच आहे ती! भाईनं शेवटी एका लाल गाडीचं चित्र काढून दिलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी सही करायला करार पाठवला, त्यात एक अट. वर्षभर हा गेम फक्त त्यांच्याकडं राहणार, बदलही तिथंच करायचे, आणि लोक जिथून डाउनलोड करतात त्या आमच्या पानावरून काढून टाकायचा. तेही मी कबूल करणार होते. तेवढ्यात भाईनं त्यांनी आधी बघायला पाठवलेलं पान आपाच्या फोनवर उघडून पाहिलं आणि घोडं तिथं अडलं.

आपाचा फोन बोलतो. बोट फिरवलं की काय काय आहे ते वाचून दाखवतो. आमचा गेम आम्ही तसा बनवला होता, 'खेळ सुरू करा' असं स्पष्ट म्हणणारा. या नव्या साईटवर आधी जाहिरात यायची. ती बंद करायला कोपऱ्यात फुली, मग खेळ सुरू करायला नुसत्या चित्राचं बटण, नाव कशालाच नाही. फोन नुसता म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कुठलं कशाचं, देवाला ठाऊक. म्हणजे आम्ही सही केली, की वर्षभर आपाला तो गेम उघडता येणार नव्हता. तिच्याच कानांवर उभा राहिलेला गेम.

आम्ही साईटवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर गोड होतं. सूचना चांगली आहे, उद्घाटन झाल्यावर नक्की विचार करू.

भाई म्हणाला, सही करायची नाही. सर म्हणाले, करायची. "माझ्या शाळेतल्या पालकांच्या फोनात जागा नसते. लिंक पाठवली तर अख्खं गाव खेळेल," असं त्यांचं म्हणणं. माझं तर काय, मी कधीचीच तयार. आपल्याकडच्या गेम बनवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथंही दोन तट पडले. कुणी म्हणे, वर्षभर बांधून घेतात म्हणजे गळ्यात दावं. मी तिथं लिहिलं, "गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकतो का नाही? तसं आहे हे. पहिल्या दिवशी रुमाल टाकला त्याला जागा, बाकीचे उभे." लोकांनी त्याला अंगठे दिले. भाईनं लिहिलं, "आणि आपाला खाली ठेवून गाडी सोडायची का?" त्यालाही अंगठे मिळाले, माझ्याहून जास्तच.

तेव्हा मी ते बॅनरचं बोलले.

आणि या सगळ्यात आम्ही एक अतिशहाणपणा केला. आपाला काहीच सांगायचं नाही, असं ठरवलं. तिला वाईट वाटेल, तिला ओझं वाटेल, उगं कशाला. तिघांचंही दुसऱ्या कशावर एकमत नव्हतं, यावर मात्र झालं. माझा फोन आला की भाई उठून गच्चीवर जायचा.

सही करायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. फोनवर भांडून उपयोग नव्हता, समोर बसून भांडायचं होतं. मनात म्हटलं, आधी माफी मागीन, मग भांडीन. पोचले तर भाई दारातच उभा. "चहा घे आधी," म्हणाला. माफी मागायची राहूनच गेली.

पुढच्या खोलीत बाजेवर आपा अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मला म्हणाली, "आलीस का? उन्हाची आलीस, पाणी पी." मी पाणी प्यायले. भाईनं मला डोळ्यांनी खुणावलं, वर चल.

"बसा इथंच," आपा म्हणाली. "गच्चीवरचं बोलणं जिन्यातनं खाली उतरतं. पंधरा दिवस झाले मी ऐकून राहिले."

भाईचं तोंड बघण्यासारखं झालं. जिला आम्ही गाडीच्या आवाजावरून डेपो ओळखताना बघितलं होतं, तिच्यापासून आम्ही गच्चीवर लपत होतो! अक्कल गहाण ठेवतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"सरांना लाव फोन," ती म्हणाली. "म्हणजे दोनदा सांगायला नको."

सरांना फोन लावला, स्पीकर चालू केला. सर शाळेच्या व्हरांड्यात होते, मागं पोरं पाढे म्हणत होती. मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, "आपा, तुझं मन दुखवायचं नव्हतं. पण तूच सांग. वर्षाचाच प्रश्न आहे. आणि भाई आहे ना घरात, तो उघडून देईल की तुला. लोकं खेळतील गं, आपला गेम लोकं खेळतील."

"ती रोज मला हाका मारत बसणार का?" भाई म्हणाला. "खेळावंसं वाटलं की वाट बघायची, भाई कधी येतो? तुला चालेल का असं?"

"माझं ऐक आधी..."

"तू ऐकून घेतेस का कुणाचं?"

झालं. पुन्हा पेटलं. फोनमधून सर "अहो, अहो" करत होते. आपानं भाजीचं ताट बाजूला सारलं तसे आम्ही थांबलो.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "मी तो गेम खेळते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

भाईनं माझ्याकडं बघितलं, मी फोनकडं.

"अगं, बूथमध्ये जन्म गेला माझा. दिवसभर गाड्याच ऐकल्या. आता घरात बसून हौसेनं पुन्हा गाड्या ऐकू का? मी उघडते ते तपासायला. तुम्ही दर आठवड्याला काहीतरी बदलता आणि दर आठवड्याला काहीतरी मोडून ठेवता. परवा वसमतच्या गाडीची घंटी एकदाच वाजली. एक घंटी म्हणजे थांब. दोन वाजल्या तर गाडी हलते. तुमची गाडी एका घंटीवर सुटली. कळलं होतं का कुणाला?"

नव्हतं कळलं. मीच केला होता तो बदल.

"वर्षभर मला ते उघडता आलं न्हाई, तर हे ऐकणार कोण? लोकं म्हणतील, काय फालतू बनवलंय. नाव कुणाचं जाईल?" मग ती थांबली. खालच्या आवाजात म्हणाली, "त्या अर्जात बनवणाऱ्यांची नावं लिवली असतील ना. किती लिवली?"

अर्ज मी भरला होता.

"तीन," मी म्हटलं.

ती रागावली नाही. "हां," एवढंच म्हणाली. ताट पुन्हा मांडीवर ओढून एकेक देठ मोडायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पंधरा दिवस मी तिच्यावरून भांडत होते आणि भाई तिच्या बाजूनं भांडत होता. ग्रुपवरच्या परक्या लोकांनीही तिच्यावर मतं दिली. आणि ती आमच्यासारखीच तो गेम बनवणारी आहे, हे चौघांतल्या तिघांच्या डोक्यातही आलं नव्हतं. भाईच्याही नाही. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

फोनमधून सर म्हणाले, "आपा, चुकलं आमचं. माझं मत मी मागं घेतो. पण जे ठरवाल ते चौघांचं ठरवा."

"मत मागं कशाला घेता सर? तुमचं बी खरं हाय. गावाकडं लोकांच्या फोनात जागा नसते," आपा म्हणाली. "तुमचं हो, तर हो सांगा."

सर म्हणाले, "मग माझं हो."

भाईचं नाही. आपाचं नाही. राहिले मी.

खरं सांगते, त्या क्षणीही मला ती पहिल्या दिवसाची जागा हवी होती. पाच वर्षं मी रोज क्लास सुटल्यावर घरी येऊन तेच केलं होतं. कुणी मला म्हणावं, जाऊ दे, कर सही, असं वाटत होतं. कुणी म्हणेना. आपा देठ मोडत होती आणि वाट बघत होती, पण घाई करत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. आणि भाईकडं बघून म्हटलं, "बॅनरचं बोलले ते चुकलं माझं."

"ते मी कधीच सोडलं," तो म्हणाला. खोटं बोलत होता, पण चांगल्या मनानं.

साईटचं उद्घाटन झालं तेव्हा मी ते पान उघडून बघितलं. पहिल्या रांगेत आमच्या ओळखीतल्या दोघांचे गेम होते. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

पण 'नाही' ठरलं त्या दुपारी नांदेडला, बाजेच्या कडेला बसून मी साईटवाल्यांना पत्र लिहिलं. तुम्ही निवड केलीत त्याबद्दल आभार, पण आमच्यातल्या एकीला तुमच्या साईटवर काम करता येत नाही, म्हणून आम्ही येऊ शकत नाही. ते दुरुस्त केलंत तर जरूर कळवा. खाली चौघांची नावं लिहिली. आपा म्हणाली, वाचून दाखव. मी सगळं वाचलं.

"नुसती नावं वाच परत," ती म्हणाली.

मी परत वाचली. भाईचं, सरांचं, माझं. मग तिचं. हातातला देठ तसाच धरून ती ऐकत होती. बसस्टँडवरची तिची सगळी वर्षं, आमच्या धरलेल्या शंभर चुका, आणि तिचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते नकाराच्या पत्रावर.

"आडनाव बी टाक," ती म्हणाली. मी टाकलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. "हां," ती म्हणाली. "आता पाठव."